वीजवाहिनीच्या घरघरीचा माग: मेन स्विचपासून खांबापर्यंत

हॅम रेडिओची रिग (संच) चाळीस मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, लावावी तर एस-९ ची (सिग्नलच्या मापावर जोरदार) सलग घरघर, तिच्याखाली दबलेली स्टेशनं, आणि खिडकीतून पाहावं तर समोर विजेचा खांब. बहुतेकांचा तपास इथेच संपतो. खांबाचा फोटो निघतो, वीज कंपनीकडे तक्रार जाते, लाइनमन येऊन वर बघतो, "काही दिसत नाही" म्हणतो आणि निघून जातो. घरघर जागेवरच.

लाइनमनला दोष देण्यात अर्थ नसतो. त्याला चुकीचा खांब दाखवलेला असतो, किंवा खांबाचा मुळात काही संबंधच नसतो. मी स्वतः लागोपाठ तीन रविवार एका खांबाभोवती घिरट्या घातल्या आहेत. तो खांब खरोखर आवाज करत होता, पण माझ्या रिगवर येणारा आवाज त्याचा नव्हता. तो निघाला घरातल्याच माशांच्या टाकीतल्या हीटरमधून; त्याच्या थर्मोस्टॅटचे पॉइंट जळून खडबडीत झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तेव्हापासून मी क्रम मोडत नाही. खाली तोच क्रम आहे.

## आधी एवढं डोक्यात असू द्या

वीजवाहिनीवरचा आवाज बहुतेक वेळा ठिणगीचा असतो. खांबावर धातूचे दोन भाग एकमेकांच्या अगदी जवळ असतात, पण नीट टेकलेले नसतात: ढिला नट, गंजलेला बोल्ट, इन्सुलेटरवर सैल झालेली बांधणीची तार, ताणाच्या तारेचा हलणारा क्लॅम्प, डिस्क इन्सुलेटरच्या टोपी आणि पिनेच्या मधला गंज. विजेचा दाब (व्होल्टेज) शिखराजवळ पोहोचला की फटीत ठिणग्या पडतात, शून्याकडे उतरला की थांबतात. एका आवर्तनात शिखरं दोन, एक धन आणि एक ऋण. त्यामुळे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० झुबके येतात, ६० हर्ट्झवर १२०. दोन झुबक्यांतलं अंतर अनुक्रमे १० आणि ८.३ मिलिसेकंद.

ठिणगी एकाच वेळी सगळ्या बँडवर ओरडते. पण खालच्या फ्रीक्वेन्सीचा आवाज तारांवरून लांबवर वाहत जातो आणि वरच्या फ्रीक्वेन्सीचा लवकर विरतो. पुढचा सगळा शोध या एका गुणावर चालतो: लांब असताना खालच्या बँडवर ऐका, जवळ जाल तसे वर सरका.

## टप्पा १: रिसीव्हर एका जागी बांधा

आवाज दाबणारे नॉइज ब्लँकर आणि नॉइज रिडक्शन बंद, सिग्नल वाढवणारा प्रीअँप बंद. मोड एएम. फिल्टर मिळेल तितका रुंद, सहा किलोहर्ट्झ किंवा त्याहून जास्त. एजीसी (सिग्नलची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) आणि आरएफ गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) एकदा ठरवा आणि त्यांना पुन्हा हात लावू नका, नाहीतर आजचा एस-७ आणि परवाचा एस-७ यांची तुलनाच होणार नाही.

आता अँटेनाची कोॲक्स (बाहेरून जाळी असलेली केबल) रिगमधून काढा. आवाज तसाच राहिला तर तो शॅकमधूनच (रेडिओच्या खोलीतूनच), बहुधा रिगच्या पॉवर सप्लायमधून येतो आहे. आवाज गेला तर तो अँटेनाच्या वाटेने येत होता. अँटेनाच्या वाटेने म्हणजे बाहेरूनच, असा अर्थ मात्र काढू नका. घरातला आवाज कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवर चढून अँटेनापर्यंत पोहोचतो आणि तिथून आत येतो. फीडपॉइंटला, म्हणजे कोॲक्स अँटेनाला जोडते तिथे, फेराइटचा चोक (जाळीवरून वाहणारा आवाज अडवणारा) नसेल तर तो आधी लावा. नुसत्या त्या चोकने आवाज दोन-तीन एस-युनिटनी उतरलेला मी पाहिला आहे.

तपासा: प्रत्येक बँडवर जिथे स्टेशन नाही अशी एक जागा निवडून लिहून ठेवा. पुढची सगळी मोजमापं त्याच जागांवर.

## टप्पा २: घरचा मेन स्विच पाडा

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात. "घरात तसलं काही नाही" हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलं, त्यांतल्या निम्म्यांच्या घरात तसलं काही होतं.

रिग बॅटरीवर चालवा. ते जमत नसेल तर सेलवर चालणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर चालेल. आवाज जोरात सुरू असतानाच मेन स्विच पाडा. एकेक एमसीबी पाडत बसू नका, पहिल्यांदा सगळं एकदम.

मेन पाडला म्हणजे घर शांत झालं असंही नाही. यूपीएस किंवा इन्व्हर्टर बॅटरीवर धावू लागतो आणि काही इन्व्हर्टर बॅटरीवर असतानाच जास्त गोंगाट करतात. तो वेगळा बंद करा. लॅपटॉप, चार्जिंगचे दिवे, बॅटरीवरचे कॅमेरे हेही बंद.

सावधान: छतावर सौर पॅनल असतील तर डीसी कनेक्टर दिवसा ओढून काढू नका. भार चालू असताना तो सुटला तर लांबलचक आर्क निघते आणि ती डीसी असल्यामुळे सहज विझत नाही. सोलर इन्व्हर्टर त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच बंद करा. नाहीतर सरळ अंधार पडल्यावर ऐका. सूर्याबरोबर येणारा आणि सूर्याबरोबर जाणारा आवाज बहुधा सोलरचा असतो.

मेन पाडताच आवाज गेला तर खांब विसरा. एकेक एमसीबी वर करा, ज्या एमसीबीला आवाज परतेल त्यावरची उपकरणं एकेक करून प्लगमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बऱ्याच उपकरणांचा सप्लाय बटण बंद असतानाही जागा असतो.

आवाज थोडाच कमी झाला तर स्रोत दोन आहेत. आधी घरातला मारा, मग पुढे जा.

आणि एक. मेन स्विचच्या अलीकडे, म्हणजे मीटर आणि बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा जोड, हे सगळं मेन पाडल्यावरही जिवंत असतं. घरातले दिवे मधूनच मिणमिणत असतील, मीटरपाशी चरचर ऐकू येत असेल, तर रेडिओ बाजूला ठेवा आणि वीज कंपनीला तातडीने कळवा. ढिला जोड आग लावतो. ते झाकण स्वतः उघडायचं नाही.

## टप्पा ३: आवाजाचा ठसा घ्या

सगळ्या लेखातून एकच टप्पा पाळायचा असेल तर हा पाळा. माझे तीन रविवार याच्याअभावी गेले.

बाहेर पडलात की जागोजागी आवाज ऐकू येतील. खांब, रस्त्यावरचे दिवे, कोणाच्या तरी कुंपणाचा झटका, कोणाचा तरी चार्जर. कानाला सगळी घरघर सारखीच लागते. तुमच्या घरी पोहोचणारी घरघर त्यांतली नेमकी कोणती, हे ओळखायला तिचा ठसा हवा.

रिगचा ऑडिओ संगणकाच्या लाइन-इनला द्या आणि ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करा. मग तरंगाकृती इतकी ताणा की पडद्यावर साधारण ४० मिलिसेकंद मावतील. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर, स्रोत ठिणगीचा असेल, तर तुम्हाला चार झुबके दिसतील, एकमेकांपासून बरोबर १० मिलिसेकंदांवर.

आता झुबक्याच्या आत पाहा. एकात तीन टोकदार काटे असतील, एकात बारा. काटे सुरुवातीला उंच आणि नंतर बुटके असतील, किंवा शेवटचा काटा एकटा लांब उभा असेल. बऱ्याचदा धन शिखरावरचा झुबका आणि ऋण शिखरावरचा झुबका दिसायला वेगळे असतात: एक जाडजूड, पुढचा किरकोळ, परत जाडजूड. मग संपूर्ण नक्षी २० मिलिसेकंदांनी फिरून येते. ही नक्षी त्या एका फटीची सही आहे. घरी घेतलेली आणि खांबाखाली घेतलेली नक्षी जुळली तरच तो तुमचा खांब.

एकाच पडद्यात दोन वेगळ्या नक्षी एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, समजा १० मिलिसेकंदांच्या अंतरात दोन-दोन झुबके, तर स्रोत दोन असण्याची शक्यता मोठी. तिन्ही फेजची शिखरं वेगवेगळ्या वेळी येतात, त्यामुळे वेगवेगळ्या फेजवरच्या ठिणग्या पडद्यावर एकमेकींपासून सरकलेल्या दिसतात.

ऑसिलोस्कोप असेल तर काम आणखी सोपं. ट्रिगर 'लाइन'वर ठेवा. पुरवठ्याशी बांधलेला आवाज पडद्यावर स्थिर उभा राहतो, बाकीचे वाहून जातात.

इथे होणारी चूक: ठसा एसएसबीवर (हॅम बोलण्यासाठी वापरतात त्या अरुंद मोडवर) घेणे. अडीच किलोहर्ट्झच्या अरुंद फिल्टरमधून काट्यांची टोकं गोलसर होतात आणि सगळ्या नक्षी एकमेकींसारख्या दिसू लागतात. एएम आणि रुंद फिल्टर हा आग्रह त्यासाठीच.

दुसरी चूक: १०० ची गुणगुण ऐकली म्हणजे वीजवाहिनीच, असं मानणे. स्वस्त स्विचिंग सप्लायच्या आवाजावरही १०० हर्ट्झची लाट असते, कारण आतल्या रेक्टिफायरचा रिपल तेवढाच असतो. दिव्यांचे डिमरही सेकंदाला १०० वेळा खटकतात. वॉटरफॉलवर (बँडभरचे सिग्नल एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर) पाहिलंत तर फरक कळतो. स्विचिंग सप्लायचे उंचवटे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात, मध्ये शांत जागा असते, आणि ते गरम-थंड होताना हळूहळू सरकतात. ठिणगीचा आवाज बँडभर सतरंजीसारखा अंथरलेला असतो. सेकंदा-सव्वासेकंदाला एक टक असा आवाज असेल तर ते विजेचं कुंपण. तो शोध वेगळा.

## टप्पा ४: निदान दोन आठवड्यांची वही

तारीख, वेळ, बँड, एस-मीटर, ऊन-पाऊस, वारा. एवढ्याच रकान्यांची वही. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धं निदान यातच होतं.

कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी आवाज चढतो आणि पाऊस पडला की बंद होतो, हे ढिल्या जोडाचं लक्षण. ओलाव्याने फट जोडली जाते आणि ठिणगी थांबते. वाऱ्याच्या झोताबरोबर आवाज अडखळत असेल तर काहीतरी हलतं आहे. रोज दुपारी सुरू होऊन रात्री थांबणारा आवाज धातूच्या तापण्या-आकसण्याशी बांधलेला असू शकतो. याउलट रिमझिम सुरू होताच जो आवाज वाढतो, तो इन्सुलेटरवर बसलेल्या धुळीचा किंवा मिठाचा असण्याचा संभव जास्त. तिन्हीसांजेला नेमका दिवे लागताना सुरू होणारा आवाज रस्त्यावरच्या दिव्याचा.

वहीचा दुसरा उपयोग म्हणजे कधी बाहेर पडायचं ते कळतं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शोधाला निघालात तर हात हलवत परत याल.

तपासा: तुमच्या रिसीव्हरवर आवाज सर्वांत वर कुठपर्यंत ऐकू येतो? फक्त ८० आणि ४० मीटरच्या बँडवर (३.५ आणि ७ मेगाहर्ट्झ) असेल तर स्रोत लांब असू शकतो, अगदी किलोमीटर-दोन किलोमीटर. घरबसल्या १४४ मेगाहर्ट्झवरही ऐकू येत असेल तर तो जवळपासच आहे.

## टप्पा ५: घरून दिशा घ्या

फिरणारी यागी (एका दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना) असेल तर २८ किंवा २१ मेगाहर्ट्झवर लावा, जिथे आवाज ऐकू येतो त्यांतला सर्वांत वरचा बँड. यागीचं तोंड रुंद असतं, "सगळ्यात जास्त इथे" असं बोट ठेवून चालत नाही. त्यापेक्षा डावीकडे फिरवत आवाज दोन एस-युनिट पडेल तो अंश लिहा, मग उजवीकडे तेवढाच पडेल तो अंश लिहा. दोन्हींचा मध्य ही तुमची दिशा.

यागी नसेल तर लहान लूप अँटेना चालते. तिथे शिखर सोडा, शून्य शोधा. लूपचं शून्य धारदार असतं. ते दोन दिशांना येतं, समोर आणि नेमकं पाठीमागे, म्हणून एका जागेवरून उत्तर मिळत नाही. दोन-तीन जागांवरून दिशा घेऊन नकाशावर रेघा ओढा. रेघा एका बिंदूत मिळणार नाहीतच. पाच-सहा खांब मावतील एवढा तुकडा हाती आला तरी पुष्कळ.

आडव्या डायपोलवर (साध्या सरळ तारेच्या अँटेनावर) दिशा शोधायचा प्रयत्न करू नका, वेळ जाईल.

## टप्पा ६: गाडीतून चाळणी

गाडी चालवणारा एक, ऐकणारा दुसरा. एकट्याने दोन्ही करायचं नाही. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर आणि कानही रस्त्यावर.

तिसरा माणूस घरी रिगजवळ बसवा, फोनवर. ठिणगी मध्येच थांबते आणि तुम्ही भलत्याच आवाजामागे गाडी हाकत राहता. घरच्याने "थांबला" म्हटलं की तुम्हीही थांबायचं. आणि तुमच्या कानात आवाज सुरूच असेल, तर तो तुमचा आवाज नाही हे तिथल्या तिथे कळतं.

गाडीवर १४४ मेगाहर्ट्झची साधी उभी अँटेना पुरते. रिसीव्हर एएमवर चालणारा हवा. हँडी (हातातला छोटा संच) फक्त एफएमची असेल तर ती इथे निरुपयोगी आहे, कारण एफएमचा लिमिटर नेमके ते चढ-उतारच कापतो जे आपल्याला ऐकायचे आहेत. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) आणि लॅपटॉप हा स्वस्तातला मार्ग. साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही एएम ऐकता येतं आणि ठसाही तिथेच नोंदवता येतो. फक्त त्याचा गेन हाताने ठरवा, ऑटोवर सोडू नका.

आता या टप्प्यातली सर्वांत महागडी चूक: गाडीतला मीडियम वेव्ह रेडिओ किंवा ४० मीटर बँडचा व्हिप (छडीसारखी अँटेना) घेऊन निघणे. खालच्या फ्रीक्वेन्सीवर सगळी लाइनच अँटेना झालेली असते. तिच्यावर उभ्या लहरी तयार होतात आणि अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने आवाज चढतो-उतरतो. ७ मेगाहर्ट्झला हे अंतर सुमारे २० मीटर. म्हणजे दर थोड्या अंतराने एक "खात्रीचा" खांब सापडतो आणि त्यांतला एकही खरा नसतो. लाइन वळते तिथे, रोहित्रापाशी, तार खाली उतरते तिथेही आवाज उगाच फुगतो. डीपीवर तक्रारी जास्त जातात त्या यामुळे. प्रत्यक्षात रोहित्राच्या आत सहसा काही नसतं.

गाडी हळू जाऊ द्या, खांब क्रमांक आणि एस-मीटरचा आकडा लिहीत जा. १४४ वर आवाज ज्या पट्ट्यात ठळक आहे तो नकाशावर रंगवा. टप्पा ५ च्या रेघा आणि हा पट्टा एकमेकांवर आले पाहिजेत. येत नसतील तर पुढे जाऊ नका, घरचा ठसा पुन्हा तपासा.

## टप्पा ७: पायी, हातात यागी

गाडी बाजूला लावा. चमकणारं जॅकेट घाला, सोबत एक जण असू द्या, सार्वजनिक रस्ता सोडू नका. कोणाच्या शेतात किंवा आवारात जायचं तर विचारून. हातात अँटेना घेऊन विजेच्या खांबाकडे टक लावून उभा असलेला माणूस लोकांना संशयास्पद वाटतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. लायसन्सची प्रत खिशात असलेली बरी.

सावधान, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: खांबाला हातोडा मारू नका, लाथ मारू नका, ताणाची तार हलवू नका. "हलवून पाहिलं की आवाज बदलतो" हा सल्ला अजून फिरतो आहे. तडकलेला इन्सुलेटर किंवा अर्धवट धरून असलेली तार एका धक्क्याने खाली येऊ शकते, आणि खाली तुम्ही उभे असता. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार जीवावर बेततो. खांबावर चढणं तर सोडाच. कुठलीही अँटेना, काठी, दुर्बिणीसारखा लांबणारा मास्ट तारांच्या दिशेने वर करू नका. यागी छातीच्या उंचीवर धरूनही पुरेसं ऐकू येतं. तार खाली पडलेली दिसली तर लांब व्हा, इतरांना लांब ठेवा, वीज कंपनीला फोन करा. तपास त्या दिवसापुरता संपला.

साहित्य दोनच गोष्टींचं: १४४ किंवा ४३० मेगाहर्ट्झची छोटी यागी आणि तिच्या नि रिसीव्हरच्या मध्ये पायरी-पायरीने वाढणारा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापाने कमी करणारी डबी). धातूच्या मोजपट्टीच्या तुकड्यांपासून बनवलेली तीन घटकांची यागी इथे झकास चालते. झुडपात अडकली तरी वाकते, मोडत नाही.

ॲटेन्युएटर लोक विसरतात. जवळ गेल्यावर मीटर टोकाला चिकटतो, कुठेही वळा, आकडा तोच. मग पायऱ्या वाढवत जायच्या: १० डीबी, २० डीबी, ३० डीबी, मीटर मधोमध राहील एवढ्या. ॲटेन्युएटर संपला तर वरच्या फ्रीक्वेन्सीवर जा, १४४ वरून ४३०. तिथे आवाज मुळातच कमी पोहोचतो आणि यागीचं तोंड अरुंद असतं. तेही कमी पडलं तर स्वतःच्या अंगाची आड करा: रिसीव्हर छातीशी धरून गोल फिरा, आवाज सर्वांत कमी होईल तेव्हा स्रोत पाठीमागे.

संशयित खांबापाशी पोहोचल्यावर असं करा:

- खांब ओलांडून पुढच्या खांबापर्यंत जा आणि मागे वळून ऐका. दिशा उलटली पाहिजे. उलटली नाही तर स्रोत अजून पुढे आहे.
- संशयित खांबाभोवती सारख्या अंतरावरून, शक्य तितक्या बाजूंनी ऐका. सगळ्या रेघा त्याच खांबावर आल्या पाहिजेत. दोन बाजूंनी येऊन तिसऱ्या बाजूने चुकत असेल तर मागच्या इमारतीतलं उपकरण तर नाही ना, ते पाहा.
- यागी आडवी धरून ऐका, मग उभी धरून. जिच्यात आवाज जास्त ती पकडा आणि शेजारच्या खांबांशी तुलना तिच्यातच करा. एका खांबाला आडवी आणि दुसऱ्याला उभी असं केलं तर आकडे फसवतात.
- शेवटी ठसा. तिथेच, एएममध्ये, अर्धा मिनिट. घरच्या नक्षीशेजारी ठेवा. काटे मोजा. त्याच वेळी घरच्या माणसालाही मुद्रण करायला सांगा; वेळोवेळी नक्षी थोडी बदलते, एका वेळचे दोन ठसे सर्वांत खात्रीचे.

ठसा जुळला नाही तर खांब कितीही ओरडत असला तरी पुढे चला. त्याची नोंद ठेवा, कधीतरी कामाला येईल.

रात्री जाऊन डोळ्यांनी ठिणगी पाहू, हा विचार बहुतेक वेळा निष्फळ जातो. ठिणगी बारीक असते, बोल्टाच्या मागे असते. उष्णता दाखवणारा कॅमेराही इथे फारसा कामाचा नाही. अशा फटीतून प्रवाह इतका थोडा वाहतो की धातू तापतच नाही. झाडाची फांदी तारेला लागलेली दिसली की सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. ती धोकादायक आहे, कळवा जरूर, पण दिवसेंदिवस चालणाऱ्या घरघरीला ती क्वचितच जबाबदार असते.

## टप्पा ८: खांबावरचा नेमका भाग, जमल्यास

४० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकणारा अल्ट्रासाउंड रिसीव्हर आणि त्याला छोटी डिश असेल तर खाली उभं राहून खांबावरचा भाग ओळखता येतो. खांब ठरल्यानंतरच हे काढायचं, शोधाच्या सुरुवातीला नव्हे. ठिणगी उघड्या हवेत असेल तरच हा आवाज खालपर्यंत येतो. टोपीच्या आत किंवा लाकडाच्या पोटात असेल तर काहीच ऐकू येणार नाही, आणि त्यावरून खांब निर्दोष ठरत नाही.

उपकरण नसेल तर हा टप्पा सोडा. ते काम लाइनमनचं आहे.

## टप्पा ९: तक्रार अशी लिहा की कोणीतरी खांबावर चढेल

"आमच्या भागात रेडिओला फार त्रास होतो" अशा तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. एका तक्रारीत एकच खांब. मजकूर साधारण असा:

"खांब क्रमांक अमुक, अक्षांश-रेखांश अमुक. या खांबावरून सेकंदाला १०० झुबक्यांचा ठिणगीचा आवाज अमुक तारखेपासून येत आहे. कोरड्या हवेत सुरू असतो, पावसात थांबतो. माझ्या घरी आणि या खांबाखाली एकाच वेळी घेतलेली ध्वनिमुद्रणं जुळतात; दोन्ही सोबत जोडली आहेत. खांबाचा फोटो जोडला आहे. दुरुस्तीच्या वेळी रिसीव्हर घेऊन हजर राहण्याची माझी तयारी आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. खाली तुम्ही ऐकत उभे असाल तर वर नट आवळताच आवाज थांबला की नाही ते लगेच सांगता येतं आणि दुसरी फेरी वाचते. कुठला भाग खराब आहे याची खात्री नसेल तर तो लिहू नका. "इन्सुलेटर बदला" असं लिहिलंत आणि दोष ताणाच्या क्लॅम्पमध्ये असला, तर इन्सुलेटर बदलून तक्रार बंद होईल.

भाषा मदतीची ठेवा, धमकीची नको. ढिला जोड हा पुरवठ्याचाही दोष आहे, हे एका वाक्यात सुचवलंत की फाईल हलते. पत्रांना उत्तरच येत नसेल तर आपापल्या देशाच्या रेडिओ परवाना देणाऱ्या खात्याकडे जाता येतं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) रेडिओ नियमावलीतलं १५.१२ हे कलम वीज वितरणाच्या जाळ्यांचा स्पष्ट उल्लेख करतं आणि त्यांच्यामुळे रेडिओ सेवेला हानिकारक अडथळा होऊ नये यासाठी सर्व शक्य उपाय करण्याची जबाबदारी प्रशासनांवर टाकतं. तिथेही कामाला येतात ते वही आणि ठसे.

## टप्पा १०: दुरुस्तीनंतर

त्याच अँटेनावर, त्याच सेटिंगवर, तशाच कोरड्या हवेत पुन्हा मुद्रण करा. ओल्या दिवशी शांतता मिळाली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

पुष्कळदा घरघर कमी होते पण जात नाही, आणि लोक "काहीच केलं नाही" म्हणून पुन्हा भांडायला जातात. आधी नवा ठसा पाहा. जुनी नक्षी असेल तर दुरुस्ती झालेली नाही. नक्षी वेगळी असेल तर पहिला खांब गप्प झाला आहे आणि त्याच्या आवाजाखाली दबलेला दुसरा आता ऐकू येतो आहे. लाइनमनला त्याच्या कामाची पावती द्या, नव्या ठशाला नवी तारीख टाका आणि टप्पा ४ पासून सुरू करा. मधल्या काळात ऑपरेट करायचं असेल तर नॉइज ब्लँकर आता खुशाल लावा. ठिणगीच्या काट्यांवर तो चांगला चालतो, फक्त शेजारी जोरदार स्टेशन आलं की आवाज फाटतो.